काळी भुकटी

लोणावळा,
२१ नोव्हेंबर १९७६

प्रिय सरुताई,

तू म्हणशील, लोणावळ्याहून बेडसे ते काय लांब, सोपान स्वतः का आला नाही? तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून पत्र.

तू आमच्या प्रयोगशाळेत काचेचे चंबू धुवायला लागलीस, त्या पहिल्याच दिवशी मी तुला दाराआड गाठून सांगितलं होतं, इथं मला नावानं हाक मारू नकोस, आपण बहीणभाऊ आहोत हे कुणाला कळू देऊ नकोस. तू हसून म्हणालीस, "बरं साहेब." जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्या लुगड्याची मला लाज वाटली. आता माझीच वाटते.

काम काय चाललंय, ते तू कधी विचारलं नाहीस. एका तेलकट द्रवाला अमाइन नावाचा, मासळीसारखा वास मारणारा पदार्थ जोडायचा होता. दोघं आपणहून जुळत नाहीत. मध्ये पॅलेडियम नावाचा धातू लागतो, सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. शेवटी तो काळी भुकटी होऊन चंबूच्या तळाशी बसतो. ती जपून ठेवायची, पुन्हा वापरायची. परदेशातून नवा यायला सहा महिने लागतात. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. चंबूवर चिठ्ठीसुद्धा लावली नाही. उलट आदल्याच आठवड्यात चारचौघांत तुझ्यावर खेकसलो होतो, चंबूंना काजळी राहते म्हणून. मग तू घरून चुलीची राख आणि काथ्या आणलास आणि तो चंबू घासून लख्ख केलास. सगळं पॅलेडियम मोरीतून गेलं.

आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, बाईला बजावलं होतं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि त्यांना म्हणालीस, "व्हय साहेब, माझंच चुकलं." त्याच दिवशी तुला काढलं.

सहा महिन्यांनी नवं पॅलेडियम आलं आणि परवा प्रयोग जमला. पॅलेडियमला आधी तो द्रव भेटू द्यायचा, मग बर्फात ठेवून अमाइन सोडायचं, एवढीच मेख होती. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. तू माझी सख्खी बहीण, हेही. तुला परत बोलावतील की मलाही घरी बसवतील, अजून कळलेलं नाही.

पण तेवढ्यानं भागत नाही. दिवाळीत तुझ्या शालनचं कार्ड आलं होतं, "मामा, आईवर रागावू नका, तिच्यामुळं तुमचं नुकसान झालं." सहावीतली पोर आईच्या वतीनं माझी माफी मागते! तुला वाचता येत नाही, हे पत्र शालनच वाचून दाखवणार, हे ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं. शालन, बाळ, काही गाळू नकोस. तुझी आई चुकली नव्हती. मामा खोटं बोलला. हे पुन्हा एकदा वाच, मोठ्यानं, आईला नीट ऐकू जाईल असं.

तुझाच धाकटा,
सोपान