उपरण्याखालचा सौदा

शहापूर,
मार्गशीर्ष, १९४८

प्रिय देवरामशेठ,

'प्रिय' हे निव्वळ रीत म्हणून लिहिलं आहे. या घडीला तुम्ही मला मुळीच प्रिय नाही. काल तुमचा पुतण्या वाल्मिक मुरबाडहून आला, माझ्या ओट्यावर बसून गूळपाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, काका पुन्यांदा विलायतेला निघालेत, हिरड्याच्या सौद्याला. इंग्रजी बोलनारी कोनी तरणी बाई हाय का तुमच्या वळखीत?" तरणी! हिरडा विकायला जाताय की स्वयंवराला? मी पेन्शनीत निघाले म्हणून माझं इंग्रजीही पेन्शनीत निघालं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? कॉन्व्हेंटमधल्या मदरनी ते छडीनं घोटून घेतलंय. ते माझ्याबरोबर सरणावरच जाईल.

वाल्मिकला मी "बघते" म्हणून वाटेला लावलं. मग दिवसभर काही सुचलं नाही. डाळ करपली. सकाळी मागल्या दारी उभी राहिले, तर धुकं भाताच्या खाचरांवर अगदी खाली उतरलं होतं आणि त्यातून कुणाचे तरी बैल चालले होते, नुसती शिंगं तरंगत होती. मला वाटलं, आपण अजून विलायतेच्या त्या आगबोटीवरच आहोत. अकरा वर्षांत ही बोट माझ्या डोक्यातून धक्क्याला लागलेली नाही, शेठ.

आठवतं, तुम्ही आमच्या मुंबईच्या ऑफिसात पहिल्यांदा आलात ते? खांद्यावर सिद्धगडच्या रानातल्या हिरड्याचं पोतं, ते थेट माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवलंत. तुमची इंग्रजी पत्रं मी टाइप करायची. एक दिवस तुम्ही म्हणालात, "बाई, कागदानं काय व्हत नाय. तुमी तोंडानं सांगायला विलायतेला चला." माझे वडील, आसनगावचे तारमास्तर, तेव्हा हयात नव्हते. लग्न मी केलं नव्हतं. तुमची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे विचारायचं कुणाला हा प्रश्न नव्हता, बोलणारे मात्र पुष्कळ होते. तुम्ही त्यांची तोंडं बंद करायला आपल्या जनाआत्यांना सोबत घेतलंत. आत्यांनी नाचणीचं पीठ घेतलं आणि सुकटीचं गाठोडं. एडनपर्यंत आमच्या केबिनच्या बाजूला कुणी फिरकलं नाही. माझ्या अब्रूची अशी राखण कुठल्या मदरनेही केली नसती.

आणि हिरड्यानं कातडी कमावणाऱ्या कारखान्याचा तो मालक, ब्रॅडली साहेब! आपल्याकडे व्यापारी हिरडा दाताखाली फोडतो, तुरटपणा जिभेवर घेतो आणि थुंकतो. तुम्ही फोडलात, चाखलात, आणि खाली फुलाफुलांचा गालिचा बघून मुकाट गिळलात. साहेबाला वाटलं, हा पाहुणचार आहे. त्यानं एक उचलला, मग माझ्याकडे बघून हसत दुसरा. मी "नको नको" म्हणेपर्यंत दोन्ही पोटात! आपण तान्ह्या बाळाला दोन वळसे उगाळून देतो, तेवढ्यानं घरभर धावपळ होते. दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात आले नाहीत. त्यांचा कारकून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, प्रकृती ठीक नाही. मी आत्यांना सांगितलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बरं झालं गो. पोट साफ झालं, आता मन पन साफ व्हईल."

तिसऱ्या दिवशी साहेब आले, थोडे फिके, पण आले. भाव ठरवायची वेळ झाली आणि तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढलंत. मुरबाडजवळच्या म्हशा गावच्या जत्रेत बैलाचा सौदा करावा तसं ते साहेबाच्या हातावर पसरलंत आणि खालून त्यांची बोटं धरलीत. साहेब कानापर्यंत लाल. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या मडम चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. दोन बाप्ये, एक उपरणं, आणि हात गायब! मग मी सांगितलं, की आमच्या बाजारात भाव असाच ठरतो, बोटं दाबून, म्हणजे चारचौघांना कळत नाही. समोरच्यानं हात काढून घेतला तर नकार. हात तसाच राहू दिला तर सौदा पक्का, मग तो देवासमोर बोलल्यासारखा. हे सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत साहेब बिचारे संकोचानं हात तिथंच ठेवून बसले होते. तुम्ही टाळी वाजवलीत. "हात नाय काढला! ठरलं!" आणि खिशातला गुळाचा खडा मडमच्या बशीत ठेवलात. साहेबांनी मला हळूच विचारलं, "मी नक्की काय कबूल केलं?" मी भाव सांगितला. ते हसले, आणि तोच भाव मान्य केला.

त्या गावाचं नाव आता आठवायला वेळ लागतो. आठवते ती धुरकट नदी, ओल्या चामड्याचा वास, आणि तुमचं ते मोठ्यानं हसणं, ज्याला रस्त्यातली माणसं वळून बघायची. परतीची बोट मात्र लख्ख आठवते. तांबडा समुद्र, सूर्य मावळत आलेला. पाण्यावर वारा असा फिरत होता की लोंब्या आलेलं भाताचं शेतच डुलतंय. आत्या खुर्चीत डोळे मिटून पडलेल्या. तुम्ही, मी, आणि दोघांच्या गुडघ्यांवर आत्यांची एकच शाल. लहानसे मासे पाण्यातून उडायचे आणि पुन्हा आत शिरायचे. मला वाटलं, हे आता कधी संपणारच नाही.

संपलं. मुंबईचा धक्का आला, तुम्ही मुरबाडला गेलात, मी टाइपरायटरकडे. मग लढाई, रेशन, आणि दर दिवाळीला तुमच्याकडून मधाची बरणी. बरणीबरोबर शब्द नाही. मी वाट बघितली. मग वाट बघणं सोडलं, असं स्वतःला सांगितलं. आणि आता म्हणे तरणी बाई!

परवाच जनाआत्या इथे येऊन गेल्या. दात गेलेत, जीभ शाबूत आहे. मी त्या बोटीचा विषय काढला नाही, त्यांनीच काढला. म्हणाल्या, "मी तवा जागी व्हते गो. शाल माझी, मला नाय कळनार? त्यो येडा घरी येऊन मला म्हनला, बाईंनी लाजंखातर हात तसाच ठेवला आसंल, त्या साहेबासारखा." शेठ, एवढा जन्म बाजारात घालवलात आणि तुम्हाला इतकं कळू नये? मी काय ब्रॅडली साहेब आहे? मला रीत ठाऊक होती. त्याच्या पंधरवडाभर आधी मीच ती इंग्रजीत समजावली होती. शालीखाली तुम्ही माझी पाचही बोटं धरलीत. त्याचा भाव किती होतो, मी विचारलं नाही. सूर्य बुडेपर्यंत मी हात काढला नाही. तुमच्याच बाजाराच्या रीतीनं तो सौदा तेव्हाच पक्का झालाय, साक्षीला जनाआत्या आहेत, आणि अकरा वर्षं माल उचलायला तुम्ही आलेला नाहीत. म्हशाच्या जत्रेला मी येते आहे. उपरणं घेऊन या. बोटीचं दुसरं तिकीट कुणाच्या नावानं काढायचं, ते तिथं चारचौघांत, न बोलता ठरवू. हात काढायचा असेल तर तुम्ही काढा. मी काढणार नाही.

ठरल्याप्रमाणे, तेव्हापासून तुमचीच,
रंभा