आपली लाँड्री का जळली

प्रिय धाकट्या,

पत्र बघून आधी दचकशील, मग पाकिटावरचं अक्षर ओळखून म्हणशील, ताईला आता काय सुचलं! सगळं ठीक आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत. बातमी माझी आहे: त्रेचाळिसाव्या वर्षी मी शाळेत जायला लागले. हसून घे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला सुपरवायझर करायचं घाटतंय आणि सुपरवायझरला रिपोर्ट लिहावे लागतात, म्हणून हा संध्याकाळचा लेखनवर्ग. बाकं पहिलीतल्या मुलांची, गुडघे हनुवटीला टेकतात. बाई माझ्या निम्म्या वयाच्या, पण लाल पेन असं चालवतात की भलेभले गप्प बसतात. मी बसत नाही, ते तुला माहीत आहे.

या महिन्यात कार्यकारणाचा निबंध होता. एक घटना घ्यायची, ती का घडली आणि त्यातून पुढे काय काय झालं ते नीट लावून लिहायचं. बाकीचे पेन चावत बसले, मी झरझर लिहीत सुटले. आपल्या लाँड्रीची आग मला अकरा वर्षं तोंडपाठ आहे. तू इस्त्री चालू ठेवून जेवायला गेलास, खालची चादर पेटली, तिथून कपाट, तिथून छप्पर. परिणाम: दुकान गेलं, बाबांनी रागानं तुझ्याशी बोलणं टाकलं आणि तू घर सोडलंस. दोन पानं, एक खाडाखोड नाही. पैकीच्या पैकी मिळणार या तोऱ्यात मी वही बाईंच्या टेबलावर ठेवली.

वही परत आली ती समासात एक प्रश्न घेऊन. इस्त्री विसरली की दर वेळी आग लागते का? खाली लिहिलं होतं, प्रत्येक कारण वगळून बघा, ते नसतं तरी असंच घडलं असतं का. मला असा राग आला! माझा जन्म गेला कपड्यांत, आणि ही पोर मला इस्त्री शिकवणार! पण घरी जाताना तो प्रश्न काही पाठ सोडेना. कारण दर वेळी आग लागत नव्हती. तू धांदरट होतासच, त्याआधी तीनदा ती मोठी इस्त्री तशीच ठेवून गेला होतास. फार तर चादर पिवळी पडायची, कारण जास्त तापली की ती आपोआप बंद व्हायची. तुझ्यापेक्षा इस्त्रीलाच अक्कल जास्त, असं म्हणून आम्ही तुला चिडवायचो.

मग त्याच दिवशी का? हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या आठवड्यात सोमवारी हॉटेलच्या चादरींचा डोंगर पडला होता आणि इस्त्री घडीघडी बंद पडत होती. ती बंद करणारा थर्मोस्टॅट बिघडला होता. मी स्क्रू काढले आणि तो डायरेक्ट करून टाकला. म्हणजे इस्त्री नुसती तापत राहणार, तिला आवरणारं काही नाही. काम धडाक्यात उरकलं आणि मला माझ्या हातांचं केवढं कौतुक वाटलं! तुला मात्र काही बोलले नाही. दोन दिवसांनी तू चौथ्यांदा विसरलास. आग विझल्यावर सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव होतं, आणि मी घाबरून गप्प राहिले. पुढे पुढे मलाच ती गोष्ट खरी वाटू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तू विसरलास हे निबंधात अजून आहे, ते काही मी खोडलं नाही. पण ही अकरा वर्षं तुझ्या एकट्याच्या वाट्याला यायला नको होती. मला त्याची फार लाज वाटते, धाकट्या.

निबंध नव्यानं लिहिला आणि बाईंच्या आधी बाबांना वाचून दाखवला, सकाळी. आता माझ्याशीही बोलणं बंद, अशी तयारी ठेवली होती. दोन दिवस खरंच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून वही मागितली, वाचली आणि म्हणाले, यात एक कारण राहिलंय. तू इस्त्री दुरुस्तीला न्यायची म्हणालीस तेव्हा आधी चादरी उरका म्हणून कोण ओरडत होतं? त्या सोमवारी संध्याकाळी टेबलावर उरलेले दोन स्क्रू त्यांनी पाहिले होते, विचारलं मात्र नव्हतं. मग त्यांनी 'रागानं' या शब्दावर बोट ठेवलं. राग आठवड्यात गेला होता म्हणे. पुढे तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं, म्हणून बोलले नाहीत. मी तो शब्द त्यांच्यादेखत खोडला.

हे पत्र त्यासाठी. रविवारी सकाळच्या बसनं मी बाबांना घेऊन तुझ्याकडे येते आहे. येऊ का, असं विचारत नाही. विचारलं तर तू नको म्हणायला मोकळा. तू वाचावास म्हणून निबंध मी पिशवीत भरला होता. बाबांनी तो काढून ठेवला. म्हणाले, माझ्या मुलाला मी तोंडानं सांगेन.

तुझीच,
ताई