पितळी घागरीची चिठ्ठी

मी शेषराव कडूबा मापारी, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, आधी कापसाच्या जिनिंगमधला फिटर आणि नंतर शेतकरी, हे मृत्युपत्र माझ्याच हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजवा गुडघा ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही असं वकीलसाहेब म्हणाले. कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहूनही घेत नाही. गोड बोलून माझ्याकडून काम करून घेणारी एकच होती, माझी बायको कलाबाई. ती सहा वर्षांपूर्वी गेली.

वकीलसाहेबांनी बुलढाण्याहून छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर आणि जंगम असे दोन रकाने होते. माझ्या घरातल्या वस्तू कोणत्याच रकान्यात बसेनात, म्हणून नमुना बाजूला ठेवला आणि वही घेतली. शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचन मी जुन्या भांड्यांवरची नावं वाचून शिकलो. कोणी कोणाला काय दिलं, कोणत्या साली दिलं, सगळं भांड्यावर टोचलेलं असतं. तेव्हा शुद्धलेखनाला हसू नये.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या आणि ओसरी, मुलगा गणेश याला. गणेशला इथे स्लॅबचं घर बांधायचं आहे. खुशाल बांधावं. फक्त पुढचं दार मोडीत घालू नये. ते इंग्रजाच्या वेळच्या एका डाकबंगल्याचं सागवानी दार आहे. मी त्याला चार बोटं कापून आमच्या चौकटीत बसवलं. नव्या घराला उंच चौकट केली तर खालून चार बोटांची पट्टी जोडावी. पट्टीसुद्धा माळ्यावर जपून ठेवली आहे.

कलम २. दोन एकर शेत गणेशला. बँकेतली ठेव गणेश आणि मुलगी अश्विनी यांना निम्मी-निम्मी. यात बोलण्यासारखं काही नाही.

कलम ३. ओसरीवरचा लाकडी पिंजरा. हा कचेरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेला साक्षीदाराचा पिंजरा आहे. टेम्पोतून उतरवला तेव्हा कलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, आपले लेकरं का खुनी हायत, का त्याइले पिंजऱ्यात उभं कराले आनला?" पण गणेश त्याचाच कठडा धरून उभा राहायला शिकला, मग अश्विनी, आणि मागाहून गणेशची छकुली. खाली मी चिंध्यांची गादी शिवून टाकली होती. लेकरं मोठी झाली तसा घरात एक नेमच पडला, की पिंजऱ्यात उभं राहिलं की खरंच बोलायचं. अश्विनी आठ वर्षांची असताना कंदिलाची काच फुटली. पिंजऱ्यात उभी राहिली, म्हणाली, "आबा, म्या नाही फोडली." मग थोडं थांबून, "म्याच फोडली, पन हळूच फोडली." त्या काचेचा एक तुकडा मी अजून ठेवला आहे.

पिंजरा ओसरीवरच राहावा. कोणाच्या वाट्याला देऊ नये.

कलम ४. एसटीचं दोन माणसांचं सीट, ज्याचा मी बाक केला, तो सून सारिका हिला. ती कलाबाईची दुपारची जागा. मी शेजारी बसायला गेलो की विचारायची, "तिकीट काढलं का?" सारिका सुरुवातीला म्हणाली होती, "मामाजी, हे घर हाय का भंगारचं गोदाम?" मी रागावलो नाही. नवीन माणसाला असंच दिसतं. आता ती त्याच सीटवर बसून भाजी निवडते, ऊन आलं की सीट सावलीत ओढून घेते. म्हणजे तिचं झालंच ते. जुन्या रेडिओच्या खोक्याचं देवघर छकुलीला. त्याची बटणं काढू नयेत. कलाबाई आरती झाल्यावर एक बटण फिरवायची आणि म्हणायची, आता देवाचं स्टेशन लागलं.

कलम ५. हत्यारं. करवती, रंधे, पान्हे सगळे गणेशला. मोठी शेगडी आणि भाता गावातल्या ज्या पोराला काम शिकायचं असेल त्याला. माझी लोखंडी पकड, जी कामाच्या बाकाला कसून बसवतात ती, माझा दोस्त कचरू गवई यानं दोन दिवसांसाठी म्हणून नेली त्याला एकतीस वर्षं झाली. ती त्याला देऊन टाकावी असं मनात होतं. पण वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. मला कचरूचीच सही पाहिजे. तेव्हा मी त्याला काहीही देत नाही. पकड त्याच्याकडे आहेच. फक्त मला आठवत होतं, एवढं त्यानं लक्षात ठेवावं.

कलम ६. हे कलम अश्विनीसाठी. हे लिहायला मला आठ दिवस लागले.

जुनी वस्तू घेताना माझे दोन नेम होते. पहिला, वस्तूवर आधीच्या माणसाचं नाव असेल तर ते घासून काढायचं नाही. नवीन नाव त्याच्या खाली घालायचं. आपल्या आधी ती कोणाच्या घरी नांदली आहे, हे विसरू नये. दुसरा नेम, चिठ्ठीशिवाय वस्तू घ्यायची नाही. जुनी पितळी भांडी मोडीत घेणारे मोडवाले चोरीच्या मालाच्या भीतीनं विकणाऱ्याचं नाव-गाव चिठ्ठीवर लिहून त्याची सही किंवा अंगठा घेत. ती चिठ्ठी मी मागून घ्यायचो आणि कंडक्टरच्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचो. घरात वस्तू दोनशेच्या वर, आणि प्रत्येकीची चिठ्ठी पेटीत. अश्विनी लहानपणी त्या चिठ्ठ्यांचा पत्त्यांसारखा डाव मांडायची.

अश्विनी दोन वर्षांची होती तेव्हा मी खामगावात एक पितळी घागर घेतली. पोटावर पोचा होता, पण पितळ जुनं आणि आवाज देवळाच्या घंटेसारखा. लेकीच्या आंदणात देऊ म्हणून पोत्यात गुंडाळून ठेवली. एकोणीस वर्षांनी तिचं लग्न वरवट बकालच्या किसनराव दाभाडे यांच्या मुलाशी, हर्षलशी ठरलं. घागर काढली, चिंच आणि राख लावून घासली आणि भांड्यावर नाव घालणाऱ्याकडे नेली. बुडाशी जुनं नाव होतं, 'रुख्मिणी, वरवट'. मी वाचलं. रुख्मिणी तर घरोघर, आणि वरवट नावाची गावं दोन. त्याच्या खाली 'चि. अश्विनीस आबांकडून' असं घालून घेतलं. तिथे क्षणभर थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं. ही माझी चूक, ती मी इथे कबूल करतो.

आंदण मांडवात मांडलं. आमच्याकडे वरपक्षाच्या बाया भांड्यांवरची नावं मोठ्यानं वाचतात. नवरदेवाची आजी थकलेली होती, डोळ्यांनी कमी दिसे. तिनं घागर मांडीवर घेतली, पोच्यावरून बोट फिरवलं आणि ओरडली, "हे माही घागर हाय! माह्या मायनं देल्ली होती, विहिरीवरून चोरीले गेली थे!" त्या म्हातारीचं नाव रुख्मिणी.

किसनराव उठले. "चोरीचा माल आंदनात देता का हो पाव्हणे?"

मी म्हणालो, दुकानातून घेतली आहे, चिठ्ठी घरी आहे.

"मंग दाखवा चिठ्ठी!"

"उद्या आणतो," मी म्हणालो. अश्विनी मुंडावळ्या बांधलेली, माझ्याकडे बघून मान हलवत होती. तिला खात्री होती. आबांची चिठ्ठी असणारच.

घरी आलो, पेटी उघडली, चिठ्ठी सापडली. तिच्यावरचं नाव वाचलं आणि पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, चिठ्ठी सापडत नाही.

मांडव परतणीला अश्विनी घरी आली तेव्हा आधी तेच विचारलं. "आबा, चिठ्ठी सापडली?" मी म्हणालो, नाही. ती ओसरीवर गेली, पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं उभं राहून सांगा."

मी उभा राहिलो नाही. त्या पिंजऱ्यात मला खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं बोललो असतो तर तिचंच घर मोडलं असतं.

तेव्हापासून बावीस वर्षं लेक येते, पण पाहुणीसारखी. जाताना लोणच्याची बरणीसुद्धा नेत नाही. "राहू द्या," म्हणते. कलाबाई गेली तेव्हा आईचं लुगडंही नेलं नाही. तिला वाटतं, घागर चोरीची आहे हे बापाला ठाऊक होतं. बावीस वर्षं तिच्या मनात मी चोरीचा माल घेणारा आहे.

तर अश्विनी, बाळा, ही कंडक्टरची पेटी आणि तिच्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या मी तुला देतो. घागर चोरीची नव्हती. तिची चिठ्ठी माझ्याकडे होती, आहे. ज्या माणसानं ती विकली त्याचं नाव मी लिहिणार नाही. गरजेपायी माणूस स्वतःच्याच घरचं भांडं विकतो आणि मग सांगायची चोरी होते. तू ती चिठ्ठी न बघता माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवून माझ्यासोबत जाळावी.

पुरवणी. कलम ६ मधलं शेवटचं वाक्य मी रद्द करतो. कारण असं.

आज दुपारी अश्विनीच्या सासूबाई, पुष्पाबाई, माझ्या गुडघ्याची चौकशी करायला एसटीनं आल्या. किसनरावांना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या. मी चहाचं सांगायला आत गेलो. बाहेर येतो तर ओसरीवर वजनाखाली ठेवलेली ही पानं त्यांच्या हातात.

"वाचू नका विहीणबाई, अजून कच्चं आहे."

"कच्चं नाही, अर्धं हाय," त्या म्हणाल्या. "माहं नाव झाकाले तुमी कोन? बावीस वर्सं झाकलं, आता मेल्यावर बी झाकता?"

मी म्हणालो, "मला ठाऊक आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मांडवात तुमी चिठ्ठी हाय म्हनले. त्या चिठ्ठीवर सही माही. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, सापडत नाही. तवाच म्या वळखलं का याइले सापडली."

मग त्या उठल्या, पिंजऱ्याजवळ गेल्या. "सून सांगते, यात उभं राह्यलं का खरंच बोला लागते. व्हय ना?"

"हो. पण तुम्ही कशाला..."

"धरा मले जरा. पायरी उच्ची हाय."

मी हात दिला. त्या आत उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि बोलल्या. हर्षल सहा वर्षांचा होता. छाती भरून आली, दम घेता येईना. किसनराव कापूस घेऊन बाहेरगावी गेलेले, सासू माहेरी. पुष्पाबाईंनी पाण्याला जाते असं दाखवून घागर कमरेवर घेतली आणि पोराला खांद्यावर. खामगावात आधी मोडवाला, मग डॉक्टर. पोरगं वाचलं. घरी येऊन म्हणाल्या, घागर विहिरीवरून गेली.

"आत्याबाई वर्सभर रोज त्या घागरीसाठी रडे. मालक म्हनत, चोर सापडला तं हात तोडीन. मंग कसं सांगू? अन् ज्या पोरासाठी इकली, त्याच पोराच्या मांडवात थे माह्यापुढं येऊन बसली. म्या काऊन गप बसली, तुमी काऊन गप बसले?"

"तुमच्या घरात माझी लेक होती," मी म्हणालो.

त्यांनी कठडा धरूनच पदरानं डोळे पुसले. "सूनबाई माही, त्या घागरीत रोज पानी भरते. बुडाचं नाव चिंचेनं घासते. तुमचं बी, आत्याबाईचं बी. तोंडानं तुमचं नाव काढत नाही, पन घासल्याशिवाय राहत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. यापुढचं पान थोडं ओलं झालं आहे, पण अक्षर वाचता येतं.

चिठ्ठी मी पुष्पाबाईंच्या हातात दिली. तिचं काय करायचं हे त्यांनी ठरवावं. फाडली तरी माझी तक्रार नाही. त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायचा हट्ट धरला. मी वकीलसाहेबांचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "मंग मले काही देऊ नका. च्या पेला तो बी लिहू नका." मी लिहिला. चहाला हरकत नसावी.

माझ्या मागे कोणी रडत बसू नये. एखादी जुनी वस्तू हातात घ्यावी, पुसावी आणि ती कशाला उपयोगी पडेल ते बघावं.

हे सगळं मी लिहिलं, वाचून पाहिलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: जानेफळ, माझी ओसरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) शेषराव कडूबा मापारी

साक्षीदार पहिला: कचरू सखाराम गवई, रा. जानेफळ. सही माझी. पकड उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरी: पुष्पाबाई किसनराव दाभाडे, रा. वरवट बकाल. सही माही. घागर चोरीची नव्हती, म्याच इकली होती. चिठ्ठी फाडली नाही. आजच्या गाडीनं अश्विनीले दाखवाले नेत हाय. पेटी तिनं सोता येऊन न्यावी, ईवाई, म्हंजे तिचे आबा, जिते हायत तवरच.