टेबल मांडणारा माणूस

नोर्डडाइक, झीलंड
ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. मारिनुस यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. देवाच्या दयेने बाबा व मी बरे आहोत, म्हणजे जेवतो आणि कामाला लागतो.

तार मिळालीच असेल. आई ता. ३ ला दुपारी गेली आणि सोमवारी तिला माती दिली. बांधावर असा वारा सुटला होता की खांदेकऱ्यांना टोप्या घरीच ठेवाव्या लागल्या. सगळा गाव आला होता. पाळकसाहेब चांगले तासभर बोलले, पण आई कुठं गेली याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे काढत नाहीतच, पण आईच्या वेळी ते ऐकणं फार जड गेलं.

तुझ्या डोरीननं नाताळच्या पत्रात विचारलं होतं, की तुमचे वडील चर्चचं सगळं बघतात, मग प्रभुभोजनाला का बसत नाहीत. तिला नीट समजावून सांग रे. आपल्या मंडळीत सहाशे माणसं, आणि वर्षातून चारदा त्या टेबलाशी बसतात आठ, फार तर नऊ. देवानं आपल्याला स्वर्गासाठी निवडलंय अशी ज्याच्या मनाची पक्की खात्री, त्यानंच बसायचं. खात्री नसताना जो ती भाकर खातो तो आपल्या हातानं आपला नरक तोंडात घालतो, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. बाबा त्रेचाळीस वर्षं ते टेबल मांडतायत. पांढरी चादर अंथरतात, प्याले पुसून ठेवतात आणि दाराजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसतात. एकदाही पुढं गेलेले नाहीत. आईही गेली नाही. मीही नाही.

आता तारेत लिहिता आलं नाही ते लिहिते. शेवटचे तीन दिवस आई बाबांना एकच विचारत होती, की मी कुठं चाललेय. बाबा तिचा हात हातात घेऊन बसलेले, पण तोंडातून शब्द नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात खोटं सांगितलं नाही तो ठाऊक नसलेलं कसं सांगणार? मला राहवेना. मी पुढं झाले आणि तिला सांगितलं, की तू देवाकडे चालली आहेस, मी सांगते ना. तिनं डोळे मिटले. तिचा चेहरा निवळला असं मला वाटलं. बाबा उठून बाहेर गेले.

तेव्हापासून आमच्यात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं. देवानं करायचा निवाडा मी केला असं त्यांना वाटतं. वाटेना का. वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. पण मारिनुस, त्यांना चौऱ्याहत्तर पुरी झाली. एक दिवस त्यांच्यापुढंही हाच प्रश्न येणार. आईसारखे तेही घाबरत गेलेले मला बघवणार नाही, आणि काय करावं ते सुचत नाही.

डोरीनला प्रेमाचा नमस्कार. माया आहेच, ती तीन-तीन महिने पेटीत कुलपात ठेवू नकोस, पत्र लिही.

तुझी ताई,
मिना


चॅथम, ओंटारिओ
ता. १२ मार्च १९६१

ती. मिनाताईस,

मारिनुसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं आणि मग तिथंच गवतावर बसलो. तू आईला जे सांगितलंस त्याबद्दल कुणाचंही ऐकून घेऊ नकोस. मी तिथं असतो तर मीही तेच सांगितलं असतं, असं लिहिणार होतो. पण मी तिथं नव्हतो, आणि असतो तरी बाबांसमोर माझं धाडस झालं असतं का, कुणास ठाऊक. ते तुझं झालं. मला तुझा अभिमान वाटतो ताई, तू ओरडलीस तरी लिहिणार.

डोरीनला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग मी हसत नाही हे बघून थांबली. इथं तिच्या चर्चमध्ये सगळे जण चहाला जावं तसे त्या टेबलाशी जातात, पोरंठोरंसुद्धा. मी दाराशी थांबतो. मी काही मानत नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणून कुणी आग्रह करत नाही.

तुला आठवतं का, मी आठ वर्षांचा असताना चुलीच्या पत्र्याला बोट लावलं होतं? नरक कसा असतो ते बघायचं होतं मला. तू बोंब मारलीस, आई रडायला लागली. बाबांनी लोणी लावलं आणि अख्खी दुपार त्या बोटावर फुंकर घालत बसले. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं होतं, ते म्हणतील की पोरा, तू तिकडे जाणार नाहीस. नाही म्हणाले. त्याचा राग मी इथवर घेऊन आलोय. माणूस इतका खरा असू नये गं, घरच्यांचा जीव जातो.

त्यांच्या त्या जुन्या छातीच्या दुखण्याचं काय म्हणतायत डॉक्टर? मला खरं कळव, तुझ्या त्या जेवतो-आणि-कामाला-लागतो भाषेत नको. आणि स्वतःलाही जप. आमच्या वाट्याला एकच ताई आहे, तिची कृपा आमच्यावर राहू दे.

तुझा,
मारिनुस


नोर्डडाइक
ता. ४ सप्टेंबर १९६१

चि. मारिनुस यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुला खरं हवं होतं ना, मग घे. जुलैमध्ये कांदे काढताना बाबा शेतात कोसळले. शहरातले डॉक्टर म्हणाले, की हृदय पार थकलंय, नाताळ दिसला तर नशीब समजा. बाबांनी ते ऐकून घेतलं, डॉक्टरांना पिशवीभर कांदे दिले आणि शनिवारी नेहमीसारखं चर्च झाडायला गेले. मी झाडू ओढून घेतला तर म्हणाले, की इतकी वर्षं तुझ्यावाचून झाडलं, अजून चार शनिवार झाडू दे.

एक मात्र झालं, आमचा अबोला सुटला. कसा, ते ऐक. परवा मी वालाच्या शेंगा सोलत होते. बाबा समोर येऊन बसले आणि म्हणाले, की आईला जे बोललीस ते माझ्या बिछान्याशी बोलायचं नाही. मी कुठं चाललोय ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. मी विचारलं, की मग भीती वाटत नाही का? म्हणाले, वाटते, रोज वाटते. मी चिडून म्हटलं, की मग जो देव तुम्हाला कदाचित नरकात पाठवणार त्याची चाकरी त्रेचाळीस वर्षं कशाला केलीत? तर अगदी सहज म्हणाले, की चाकरी तो मोठा आहे म्हणून केली, बक्षिसासाठी नव्हे. त्यानं मला बाहेर ठेवलं तरी तो चुकला असं मी म्हणणार नाही.

मला इतका संताप आला की शेंगा टाकून अंगणात गेले. आणि तिथं उभी राहून मला त्यांचा इतका अभिमान वाटला, मारिनुस, की रडू फुटलं. त्रेपन्न साली समुद्र बांध फोडून गावात शिरला तेव्हा छातीएवढ्या गार पाण्यातून याच माणसानं एकेकाला धरून चर्चच्या माळ्यावर नेलं होतं, चाळीस जणांना. त्या टेबलाशी जे नऊ जण बसतात त्यातल्या दोघांना यांनीच काढलंय. ते बसतात, आणि हे दाराशी.

म्हणून मी ठरवलंय. ऑक्टोबरच्या प्रभुभोजनाला मी बसणार. मला काही साक्षात्कार झालेला नाही, दिवे दिसलेले नाहीत. पण आईला मी सांगितलं, की देव तुला घेईल. ते खरं असेल तर मलाही घेईल. आणि मी स्वतः त्यावर विसंबून भाकर खाणार नसेन, तर आईला मी नुसतं गोड बोलून फसवलं असं होईल. बाबांना एकदा बघू दे, की आपल्या घरातलं माणूस तिथं बसतं आणि छप्पर कोसळत नाही. विसाव्या वर्षी मंडळीपुढं श्रद्धेची कबुली दिली तेव्हापासून माझा तो हक्क आहे. बाबांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

प्रेम असू दे, आणि या वेळी थोडी काळजीही.

तुझी,
मिनाताई


चॅथम
ता. १७ सप्टेंबर १९६१

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र छोटं आहे, बीट काढणी चालू आहे.

बाबांचं वाचलं. तिकिटाचं बघतोय. पण दुसरंच सांगायला बसलोय. तू टेबलाशी बसणार हे वाचलं आणि काम तिथंच टाकून घरात आलो. मी काही मानत नाही ना? चार हजार मैल लांब आहे, नऊ वर्षं झाली, बायको कॅनडाची, आणि मला भीती वाटली की ताई आपला नरक तोंडात घालणार. डोरीननं विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. लाज वाटली.

तेव्हा तू नीट विचार कर. गावाचं बोलणं तू पचवशील. पण बाबा तुला तसं बघतील, आणि मला इथं जे झालं त्याच्या दसपट त्यांना तिथं होईल. त्यांचं हृदय तसं. मी जाऊ नकोस म्हणत नाही. तुला जा म्हणायची माझी छाती नाही, एवढंच.

आमच्यावरचा जीव काढून घेऊ नकोस. झालं की लगेच लिही.

तुझा घाबरट भाऊ,
मारिनुस


नोर्डडाइक
ता. १५ ऑक्टोबर १९६१

चि. मारिनुस यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. रविवारी पत्र लिहू नये, पण आज लिहिणार.

शनिवारी प्याले मीच घासून दिले. बाबांनी चादर अंथरली, चारही बाजूंनी सारखी लोंबते की नाही ते वाकून वाकून बघितलं. रात्रभर तुझंच पत्र डोक्यात होतं.

आज प्रवचन लांबलं. सगळ्या बायका प्रवचनातली तिसरी पेपरमिंटची गोळी चघळत होत्या तेव्हा पाळकांनी टेबलाशी यायला सांगितलं. नेहमीचे आठ उठले. मी कोर्नेलिया काकूंना ओलांडून बाहेर पडले. त्यांना वाटलं मला बरं वाटत नाही, म्हणून त्यांनी माझा झगा धरून दाराची दिशा दाखवली. मी उलट्या बाजूला चालू लागले. माझ्या बुटांचा एवढा आवाज होतो हे मला आजवर माहीत नव्हतं. टेबलाच्या टोकाशी बसले. माझ्या शेजारी पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. आठ जणांपैकी एकानंही मान वळवली नाही. पाळकसाहेब माझ्याकडे बघत थांबले, अगदी पुष्कळ वेळ थांबले, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे बघतच नाहीयेत.

बाबा येत होते. दाराजवळच्या खुर्चीतून उठून, मधल्या वाटेनं, हातात टोपी घेऊन. सावकाश येत होते, ताठ. सहाशे माणसांत एक खोकला नाही. आले आणि माझ्या शेजारी बसले. टोपी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना, मग मांडीवर ठेवली. भाकर आली तेव्हा त्यांनी ती घेतली. प्याला त्यांनी माझ्या हातात दिला. आम्ही दोघांनी घेतलं, मारिनुस. छप्पर जागेवर आहे.

बाहेर आल्यावर बेकरीवाल्या यानाबाईंनी बाबांचा हात धरला आणि सोडेचनात. काही जण लांबून गेले, तेही मी बघितलं. घरी येऊन बाबांनी कॉफी मागितली आणि पातळ झालीय म्हणाले. मी काही विचारलं नाही. देवानं शेवटी त्यांना खात्री दिली, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर दिली, यापुढं विचारायचं ते काय? आज मी गावातून अशी चालत आले की आई असती तर म्हणाली असती, नाक जरा खाली कर.

तुझी भीती आता गवतात पुरून टाक. डोरीनला सांग, आमच्याकडचे दोघे टेबलाशी जाऊन आले. स्नेह वाढता असू दे.

तुझी,
मिनाताई


नोर्डडाइक
ता. ६ नोव्हेंबर १९६१

चि. मारिनुस यास,

लेंडर्टचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर चालवून घे.

मिनाने तुला ऑक्टोबरचं कळवलं आहे. तिला वाटतं, मला खात्री मिळाली. तसं नाही. ती मला विचारत नाही. विचारलं तर खरं सांगेन. तू आपणहून सांगू नकोस. पण घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं म्हणून लिहितो.

तुझी आई विचारत होती तेव्हा मी गप्प बसलो. मला माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. त्यात खोटं काही नव्हतं. पण ती एकटी गेली. हात माझ्या हातात होता तरी एकटीच गेली.

त्या रविवारी मिना उठली तेव्हा मला वाटलं बाहेर चालली. मग ती टेबलाकडे वळली. मी तिला ओळखतो. ती कुणाला तरी वाचवायला निघाली की अशी चालते. ती बसली आणि शेजारी कुणी नव्हतं. तेव्हा मी एवढंच मनात आणलं, की तिची लायकी असेल तर माझ्या बसण्यानं तिचं काही बिघडत नाही. आणि नसेल, आणि ती आपला दंडच खाणार असेल, तर माझ्या मुलीनं तो एकटीनं खायचा नाही. हे असं कारण प्रभूच्या टेबलाशी बसायला पुरत नाही. पाळकांनी मला परत पाठवलं असतं, म्हणून त्यांना सांगितलं नाही. देवाला जाता जाता सांगितलं. त्यानं अडवलं नाही. त्याचा अर्थ काय ते मी ठरवणार नाही.

तुझ्याकडून मी एक ऐकून घेतलं पाहिजे होतं ते राहिलं. तू जाताना रॉटरडॅमच्या धक्क्यावर म्हणालास, की बाबा, तुमच्या देवापेक्षा तुम्ही बरे आहात. मी तुला तिथंच झिडकारलं. शब्द चुकीचेच होते, पण तुला जवळ घ्यायला हवं होतं.

तिकीट काढू नकोस. बोट यायच्या आत मी जाईन असं वाटतं. भीती अजून वाटते, पण ऑक्टोबरपासून झोप लागते.

माझ्याबद्दल मला आजही काही सांगता येत नाही. मिनाबद्दल येतं. देवाच्या घरी तिच्यासारखी माणसं नसतील तर तिथं कोण असेल ते मला समजत नाही. त्या टेबलाशी तिच्या शेजारी बसलो होतो तेव्हा मला फार अभिमान वाटत होता. अभिमान हे पाप आहे. प्याला हातात असताना तर फारच मोठं. त्याची क्षमा मी अजून मागितलेली नाही, आणि मागणार नाही.

तुझ्या बायकोला नमस्कार. लोभ मी कधी मागितला नाही, तरी तो असू द्या.

तुझा बाप,
लेंडर्ट