मामाच्या स्वेटरातला लोहचुंबक

प्रिय मामी,

मामाच्या स्वेटरच्या काठात लोहचुंबक मी शिवलाय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा साष्टांग नमस्कार माफीतही धरता येईल. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या आईचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं मजेत. म्हणजे, होतो.

हेतू चांगला होता गं. तू माहेरी गेलीस, घर सुनं झालं, म्हटलं मामाला जरा हसवावं. पहिल्याच दिवशी तुझा केसांचा आकडा त्याच्या पोटाला चिकटून घरभर फिरला. दाखवला, तर म्हणतो, "लोकरीत वीज साठते, गाढवा!" (एवढा शिकलेला माणूस!) मग मी विसरूनही गेलो.

आता त्याचं ते अणुघड्याळ. बारा वर्षं खपून केलेलं, उपग्रहात बसून अवकाशात जाणारं. सेकंदाचा अब्जावा भाग चुकला, तरी खाली आपला ठावठिकाणा फूटभर हुकतो म्हणे. म्हणून त्याचे लाड जावयासारखे: ऊब वाढायला नको, धक्का नको, आसपास लोखंड नको. दारातच पट्टा, किल्ल्या काढून घेतात. खोली गार, म्हणून मामा स्वेटर घालतो. तुझ्या विणकामावर कोण संशय घेणार?

तर मामा जवळ गेला की घड्याळ बिथरतं, लांब गेला की सुतासारखं सरळ. चारदा करून पाहिलं. शेवटी हाताखालची माणसं म्हणाली, "सर, तुम्ही बाहेरच बसा." आता तो बाहेर स्टुलावर बसून काचेतून आपल्याच घड्याळाकडे बघतो. काल ताट तसंच सारलं. म्हणाला, "बारा वर्षं जपलं रे, आणि त्याला मीच नकोय." गुरुवारी शेवटची तपासणी, मामाला शेजारी उभं करून. बिथरलं, तर दुसऱ्या कुणाचं घड्याळ वर जाणार.

मी सहज विचारलं, कशाने बिघडत असेल? म्हणाला, "लोहचुंबकाने. पण तो तिथे येणार कुठून?" मी ताट सारलं आणि तुला पत्र लिहायला बसलो.

तुझा गुणी (ठरायचा आहे) भाचा

ता. क. मामा स्वेटर आता झोपतानाही काढत नाही, तू विणलायस ना! फोन करून दटाव, "अहो, तो धुवायला टाका!" दोन टाके उसवायला मला दोन मिनिटं पुरेत. मीच कबूल केलं असतं, पण "आणखी एक खोडी, की बापाकडे रवानगी" हे त्याचं वाक्य अजून गरम आहे.

ता. क. २. लोहचुंबक तुझ्या बंद पडलेल्या रेडिओतला. उंदरांचा दोष नाही, आणि तू झापलेल्या त्या दुरुस्तीवाल्याचा तर नाहीच. पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. मामाला नको, माझ्या आईला नको. उंदरांनाही नको.