बांधावरची चौदा घरं

डोंबिवली,
९ जानेवारी १९५३

चि. सुमतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचं पत्र पोचलं. माझ्या खुब्याचं हाड जुळतंय असं डॉक्टर म्हणतात. तुझी काकू म्हणते की जुळलं तरी हे गृहस्थ आता भाजी आणायच्याही उपयोगाचे नाहीत. दोघांचंही खरं असावं. काठी टेकत अंगणापर्यंत जातो, तेवढाच माझा प्रवास.

आणि नेमकी आत्ताच मासिकाच्या संपादकांना जवळच्या ठिकाणांवर प्रवासलेखांची माला हवी आहे. पहिले दोन लेख जुन्या आठवणींवर निभावले. तिसरा कळव्यापलीकडच्या मिठागरांवर कबूल करून बसलो आहे, आणि तिथे मी जन्मात गेलेलो नाही. एखाद्या रविवारी तू जाऊन ये आणि पाहशील ते लिहून पाठव. नकाशे काढायची नोकरी करतेस, नजर तयार आहे. पाय तुझे, लेखणी माझी. फक्त, मी तुला घरातली मोजपट्टी म्हणतो ते अगदीच खरं करून दाखवू नकोस. थोडा वारा, थोडा उजेडही येऊ दे.

हे आपल्या दोघांतच असावं. लेखक स्वतः तिथे उभा राहिला होता, एवढा विश्वास वाचकाला लागतो.

काकूचे आशीर्वाद. डोळ्यांना जप.

तुझा,
मधुकाका


नौपाडा, ठाणे,
१९ जानेवारी १९५३

ती. स्व. मधुकाकांस,
सुमतीचा सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. घरून चालत एक तास दहा मिनिटं लागली. त्यात पुलावर पाच मिनिटं थांबले होते. बांध मातीचा आहे, वर साधारण चार फूट रुंद. मी उभी होते तिथून बत्तीस वाफे दिसले, पैकी सहांत मीठ धरलं होतं. मीठ पांढरं नसतं. लाकडी फळीने ओढून काढतात तेव्हा ते करड्या रंगाचं असतं, धुतल्यावर पांढरं दिसतं. वारा वायव्येचा होता, फार नव्हता. सूर्य सव्वासातला उगवला, घरांच्या मागून.

घरं चौदा आहेत, बांधाच्या पूर्वेच्या टोकाला. कुडाच्या भिंती, गवताची छपरं. पाऊस धरून बाराही महिने माणसं तिथेच राहतात, ही तिसरी पिढी. विहीर एक, दगडी बांधणीची. तिचं पाणी मचूळ आहे, म्हणून पिण्याचं पाणी बायका कळव्याहून डोक्यावर आणतात. आवडाबाई नावाच्या बाईंनी मला तांब्याभर दिलं. हंड्यात किती उरलं ते मला दिसत होतं, तरी प्यायले. मिठात उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडल्या आहेत. त्यांत मेण भरतात.

त्यांचा मुलगा काळुराम, वय वीसेक, चौथीपर्यंत शिकलेला. मी काय मोजते आहे असं त्याने विचारलं. माझे काका छापून येणारं लिहितात, त्यांच्यासाठी, असं सांगितलं. मग आमची घरं छापून येतील का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तुमच्या वतीने उत्तर द्यायला नको होतं, पण दिलं आहे. चौदा घरांच्या कर्त्यांची नावं खाली लिहिली आहेत. उजेडाबद्दल आणखी काही सांगता येत नाही.

बाबांची तब्येत ठीक. काकूंना नमस्कार. माया असू द्यावी.

सुमती


डोंबिवली,
२ एप्रिल १९५३

चि. सुमतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत अंक पाठवला आहे. तुझ्या बांधावर मी अखेर पोचलो! संपादकांचं कार्ड आलं की इतका खरा लेख बऱ्याच दिवसांत वाचला नाही, पायाखालची ओल जाणवते. चार फूट रुंदीचा बांध तुझाच ठेवला आहे. अशा एका आकड्याने लेखाला वजन येतं. शेवट मला स्वतःला आवडला: 'पहाटे मी त्या बांधावर उभा राहिलो. समोर सूर्य वर येत होता. नजर पोचेल तिथवर ना घर, ना माणूस. केवळ पाणी आणि शुभ्र मीठ.'

तू नाक मुरडशील, माहीत आहे. पण अगं, चौदा झोपड्या आणि भेगाळलेल्या टाचा घातल्या असत्या, तर तो सरकारी अहवाल झाला असता. वाचक चार घटका मोकळा व्हायला येतो. आणि खोटं तरी काय लिहिलंय? पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं तर घरं दिसणार नाहीतच, हो ना? खरेपणा मोजण्यात नसतो, सुमे. तो वाचणाऱ्याच्या अंगावर येतो.

एखाद्या रविवारी ये. काकू तुझी वाट बघते.

तुझा,
मधुकाका


नौपाडा, ठाणे,
८ एप्रिल १९५३

ती. स्व. मधुकाकांस,
सा. न. वि. वि.

लेख वाचला. भाषा चांगली आहे. पश्चिमेला तोंड केलं तर घरं दिसत नाहीत हे बरोबर, पण मग समोर सूर्य उगवत नाही.

याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही. त्याच भागाचा नकाशा या आठवड्यात माझ्या टेबलावर आला. मोजणीच्या वहीत घरं आहेत. परंतु कुडाची घरं हंगामी धरायची आणि नकाशावर घ्यायची नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. विहीर पक्की, म्हणून ती घेतली. पूर्वेचं टोक कोरं ठेवलं आणि कोपऱ्यात 'तपासून बरोबर' लिहून सही केली. ती माणसं पावसाळ्यातही तिथेच असतात, हे मी हेडड्राफ्ट्समनना सांगितलं. ते म्हणाले की नियमात माणसं येत नाहीत, भिंती येतात.

तेव्हा आपण दोघांनीही एकच जागा कोरी ठेवली. तुम्ही निदान सुंदर दिसावी म्हणून ठेवलीत.

या रविवारी जमणार नाही. काकूंना नमस्कार. लोभ ठेवावा.

सुमती


मिठागर, कळव्याजवळ,
१२ नोव्हेंबर १९५४

सुमतीताईंना काळुरामचा रामराम.

तुमचा पत्ता तुम्ही आईला कागदावर देऊन ठेवला होता, त्यावर लिहितो. आमच्या आगराची जागा कारखान्यासाठी घेणार अशी नोटीस लागली आहे. ज्यांची घरं आहेत त्यांना दुसरीकडे जागा देणार आहेत. आम्ही कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले की नकाशावर इथे घर नाही, तुम्ही नोटीस लागल्यावर झोपड्या टाकल्या. माझ्या आज्यानं बांधलेलं घर मी काल टाकलं, असं ते म्हणतात. भिवाकाका हसला, तर त्याला बाहेर काढलं.

जुना कागद आणा, असं सांगितलं आहे. आमच्याकडे कागद नाही. आमची घरं छापून येणार असं तुम्ही बोलला होता. ते पुस्तक पाठवा, नाहीतर घेऊन या. सुनावणी २९ तारखेला आहे. आई सांगते की ताई आपल्या घरचं पाणी प्यायल्या आहेत, त्या येतील.

जास्त काय लिहू. राग नसावा.

काळुराम


नौपाडा, ठाणे,
१५ नोव्हेंबर १९५४

ती. स्व. मधुकाकांस,
सा. न. वि. वि.

काळुरामचं पत्र सोबत जोडलं आहे, ते आधी वाचावं.

त्यांना जुना कागद हवा आहे. नकाशावर घरं नाहीत. मोजणीची वही मला कचेरीबाहेर नेता येत नाही. मागितली, मिळाली नाही. तुमच्या लेखात घरं नाहीत, उलट नाहीत असं लिहिलं आहे. उरतो एकच कागद: माझं १९ जानेवारी १९५३ चं पत्र. त्यात चौदा घरं आहेत, कर्त्यांची नावं आहेत आणि वर पोस्टाचा शिक्का आहे. नोटिशीच्या बावीस महिने आधीचा.

ते पत्र दाखवलं तर तुम्ही तिथे गेला नव्हता हे उघड होईल, आणि लेखांचं पुस्तक छापखान्यात आहे, हे मला ठाऊक आहे. माझीही सही माझ्याच पत्राने खोटी ठरेल; नोकरीचं काय होईल सांगता येत नाही. दोन्हींचा विचार करून मागते आहे. २७ पर्यंत मला मिळावं, रजिस्टरने. येऊन नेण्यासारखं असेल तर एक कार्ड टाका, त्याच दिवशी येते.

आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. आशीर्वाद असावा.

सुमती


डोंबिवली,
६ डिसेंबर १९५४

चि. सुमतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तारीख उलटून गेली, मला समजतं. पत्र सापडत नव्हतं असं लिहायला बसलो होतो, पण काकू म्हणाली की निदान तिला तरी खोटं लिहू नका. सापडलं होतं, पहिल्याच दिवशी. टेबलावर पुस्तकाची मुद्रितं होती. प्रस्तावनेत संपादकांनी लिहिलं आहे की या लेखकाने पायाखाली घातल्याशिवाय एकही जागा वर्णिलेली नाही. ते वाक्य मी रोज वाचत होतो आणि उद्या पाठवू म्हणत होतो. या वयात दुसरं पुस्तक होणार नाही, सुमे.

पत्र आता सोबत पाठवतो आहे. घरांच्या मजकुरावर निळी पेन्सिल आहे, ती लेख करताना मारली होती. रबराने गेली नाही.

सुनावणीत काय झालं ते कळव. आणि तिथे आता काय दिसतं तेही लिही. दुसरी आवृत्ती निघाली तर तळटीप देईन, तुझ्या नावाने देईन.

रागावली असलीस तरी लिही.

मधुकाका


नौपाडा, ठाणे,
२१ फेब्रुवारी १९५५

ती. स्व. मधुकाकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला.

सुनावणीला मी हाफ रजा टाकून गेले. काळुरामने माझं नाव सांगितलं. साहेबांनी नकाशा पुढे करून विचारलं की ही सही तुमची का. मी हो म्हटलं. नकाशा नियमाप्रमाणे आहे का, असं विचारलं. तो नियमाप्रमाणेच आहे. मी हो म्हटलं. तिसरा प्रश्न येईल म्हणून मी थांबले, तो आला नाही. तोवर कारखान्याच्या वकिलाने तुमच्या लेखाचा शेवट वाचून दाखवला. चांगला वाचला. मग साहेबांनी कागद बांधले. न विचारलेलं सांगायची मला सवय नाही. ती सवय त्या दिवशी मोडता आली असती. तुमच्याकडून ते पत्र वेळेत आलं नाही हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं, आता देत नाही.

जानेवारीत घरं पाडली. चौदाही. काळुराम आईला घेऊन कोपरीत मावशीकडे राहतो, बाकीचे कुठे गेले ते त्यालाही नीट माहीत नाही. मी भेटायला गेले होते. आवडाबाईंनी बसायला सांगितलं. पाणी विचारलं नाही.

तिथे आता काय दिसतं असं तुम्ही विचारलंत, म्हणून काल पहाटे बांधावर जाऊन आले. सूर्य सात वाजून दोन मिनिटांनी उगवला. पूर्वेला तोंड करून उभी होते. नजर पोचेल तिथवर ना घर, ना माणूस. विहीर आहे, ती नकाशावरही आहे.

तुमचं वर्णन आता बरोबर आहे. माझा नकाशाही बरोबर आहे. तळटीप देऊ नये.

काकूंना नमस्कार. लोभ आहे तितका असू द्यावा, वाढवण्याची विनंती या खेपेला करत नाही.

सुमती