कोरडी पिशवी

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

पोचले बाई एकदाची अंबाजोगाईला! खोली झकास हाय. नवा स्लॅब, दारात पारिजातक, दवाखाना हाकेच्या अंतरावर. आमच्या ह्यांनी, म्हणजे अनिलनी, गॅस जोडून दिला, माठ भरला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेवराईला परत गेले. गाडीतला कंडक्टर आमच्याच डेपोचा निघाला. वनिताताई, ड्युटीवर कधी येता, म्हणून विचारत होता. म्हटलं, आधी गिळायला येऊ दे, मग बघू.

लेकीनं, चैतालीनं, ही वही दिलीय. म्हणाली, आई, तिथं भांडायला कुणी नसंल तर हिच्याशी भांड.

भांडण एकच हाय. कॅन्सरपायी माझी अन्ननलिका काढली. तिच्या जागी जठर वर ओढून बसवलं, तेबी सडलं, तेबी काढलं. आता तोंडातलं काही पोटात जात न्हाई. मानेला डाव्या बाजूला भोक हाय, थुंकीसुद्धा तिथून पिशवीत उतरते. जेवण पोटातल्या नळीतून. पुण्याहून इथल्या दवाखान्यात येणारे सर्जन म्हणतात, मोठ्या आतड्याचा तुकडा छातीतून वर आणून गळ्याला जोडू. असलं ऑपरेशन क्वचितच होतं. जमलं तर भाकर गिळाल, न्हाई जमलं तर टेबलावरच राहाल, असं तोंडावर सांगितलं. चैताली म्हणते नको, तू हायेस तेवढं बास. हे म्हणतात, जीव तुझा, तू ठरव.

मला ठेचा-भाकर पायजे. आणि मला मरायचं न्हाई. हे दोन्ही एका टायमाला कसं ठरवायचं?

सोमवार, ८ सप्टेंबर

घरमालकीण अंजनामावशी लई मायाळू. तिचे मालक सुग्रीव मागल्या वर्षी ह्याच दुखण्यानं गेले. त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला आणि शेवटी पाण्याचा थेंबबी न गिळता गेले. सांगताना मावशी माझ्या पिशवीकडं बघत होती.

आजपासून पितरांचा पंधरवडा. मावशी रोज सुग्रीवच्या नावानं ताट वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवणार. कढी, भजी, गवारीची भाजी, खीर. कावळा शिवल्याबिगर माणसानं हात लावायचा न्हाई, असं मला मुद्दाम बजावून गेली. वास थेट खोलीत येतो. काय सांगू, नळीतलं दूध चढवताना रडूच आलं.

बुधवार, १० सप्टेंबर

केलं मी!

डॉक्टरांनीच सांगितलंय, चवीपुरतं चावून गिळत जा, पिशवीत उतरंल, पण गिळायची सवय मोडू देऊ नका. मावशी दळण आणायला गेलती. कावळ्याचा पत्ता न्हाई. भजी गार होऊन चालली. आमच्या घरात कुणी कधी पितरं घातली न्हाईत. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध करणार न्हाई असं हाय, श्राद्धाचं भजं खाणार न्हाई असं कुठं हाय? हसतच उचललं. आहाहा! ओव्याचा वास, कुरकुरीत कड. चावलं, गिळलं, दुसरं उचललं.

मग पिशवी धुवायला घेतली, तर कोरडी. थुंकीबी न्हवती. चिकटपट्टी सुटली असंल म्हणून साडी बघितली. कुठं डाग न्हाई.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कालबी खाल्लं, आजबी. पुरं ताट, खिरीची वाटी चाटून. पिशवी कोरडीच. गिळताना घास खाली उतरतोय असं वाटतं, अगदी पहिल्यासारखं. आनंदानं ओरडावं वाटलं! आतल्या आत आपोआप रस्ता झाला असंल का? मग ऑपरेशनची गरजच काय?

एक तेवढं खटकलं. खाऊन पोट भरत न्हाई. खाल्ल्यावर भूक वाढते, आणि ती मानेत लागते, भोकाच्या मागं.

सोमवार, १५ सप्टेंबर

दवाखान्यात पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. औषध घशातून भोकापर्यंत आलेलं पडद्यावर दिसलं. मग दिसलंच न्हाई. बाहेर आलं न्हाई, खाली गेलं न्हाई. डॉक्टर म्हणाले, मशिनीत काही गडबड असंल, खाली तर रस्ताच न्हाई. पुन्हा पाजलं. पुन्हा तसंच. डॉक्टरांनी मशीनच बंद केली.

वजन घटलंय. नळीतून सगळं घेते, तरी.

घरी आले तर मावशी गच्चीत डोळे पुसत बसलेली. कावळा येतो, ताटाकडं बघतो, शिवत न्हाई. मालक रुसलेत म्हणते. मी मान खाली घातली.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मावशीला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालंल. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. आमच्या मालकांना उपाशी ठेवू नगा, म्हणाली. शेवटी शेवटी उशी चावायचे. उशी काढून घेतली, तर स्वतःचा हात.

म्हणजे हे सगळं त्यांच्या पोटात चाललंय. माझ्या तोंडानं.

ऑपरेशन करायचं. ठरलं! माझ्या गळ्याला माझं आतडं जोडलं, की घास माझ्या पोटात पडंल. त्यांचा वाटा बंद. सही करून आले. सोमवारी सकाळी. चैताली फोनवर रडली. मी तिला खरं कारण सांगितलं न्हाई.

सही करताना जबडा आपोआप हलत होता. तोंडात काही न्हवतं.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्या तोंडात काहीच घ्यायचं न्हाई. आतडं रिकामं पायजे. खाल्लेलं कुठं जातं ते डॉक्टरांना कळंना, म्हणून एक घास जरी घेतला तरी ऑपरेशन रद्द, आणि हे सर्जन पुन्हा कधी येतील ठाऊक न्हाई. वजन असंच घटलं तर पुन्हा करताबी येणार न्हाई.

आज ताट खाल्लं. खाल्लं कसलं, खायला लावलं. मावशीच भरवत होती. मला नको होतं, पण तोंड उघडतच होतं. ती मला भरवत न्हवती. अहो, घ्या ना, म्हणत होती.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री अमावस्या

सकाळ. काही घेतलं न्हाई. आतून कडी लावलीय. हे संध्याकाळी येतील, मला दवाखान्यात नेतील. तेवढाच वेळ काढायचाय —

जबडा थांबत न्हाई. पदर कोंबला तोंडात. पदराचं टोक गेलं. पिशवी बघितली — कोरडी.

दुपार. मावशी दार वाजवतेय. आज मोठं ताट, सगळं केलंय म्हणते. रडतेय. एक घास तरी घ्या, न्हाई तर ते थांबायचे न्हाईत —

घेतला तर ऑपरेशन न्हाई. मग भाकर कधीच न्हाई. कधीच — कडी काढणार न्हाई मी —

उशीचा कोपरा गेला. कापूस गेला. पिशवी कोरडी

ह्यांना फोन लावला. बोलता येईना. चावणं थांबंल तर बोलेन ना —

उशी संपली. हात मागं बांधावे तर लिहू कशानं

गाडी किती वाजता —

कोंबायला काहीच उरलं न्हाई. दात एकमेकांवर — तोंडात आता माझी जीभ तेवढी राह